ज्या कायद्यात माफियाचं नाव नाही

बँकेच्या ऑडिटमध्ये एकेक व्हाउचर सुटं काढून पाहिलं तर बहुतेक वेळा त्यात काही सापडत नाही. सही असते, शिक्का असतो, अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते. गोम असते ती गठ्ठ्यात. सांगलीकडच्या एका पतसंस्थेत कर्जप्रकरणं निराळी, नावं निराळी, पण जामीनदार मात्र फिरून फिरून तेच चौघे, असं मला दिसायला लागलं. अर्ज वेगवेगळ्या माणसांचे आणि अक्षर एकाच हाताचं. वेलांटी ओढायची लकबसुद्धा तीच. कर्जाची रक्कम खात्यावर पडली की दोन-तीन दिवसांत ती एकाच बचत खात्यात जाऊन बसायची. मी अहवाल लिहिला, सोबत तक्ता जोडला. पुढे फिर्याद झाली ती कॅशियरवर आणि कर्ज विभागातल्या क्लार्कवर. ज्या संचालकाच्या शब्दाशिवाय त्या इमारतीत चहासुद्धा येत नसे, त्याची सही एकाही कागदावर नव्हती.

फौजदारी कायद्याचं हे मला नेहमी खटकत आलंय. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने काय केलं, एवढंच तो विचारतो. गठ्ठ्याबद्दल विचारायची त्याला सोयच नसते. अमेरिकेने ती सोय 1970 साली एका कायद्यात करून ठेवली. त्याला तिकडे रिको म्हणतात. कामातून मोकळी झाल्यावर मी त्याचे खटले आणि निकाल वाचत गेले. मी वकील नाही. हिशेब तपासणारीच्या नजरेने वाचलं, तसंच लिहिते आहे.

सुरुवात करावी ती 14 नोव्हेंबर 1957 पासून. न्यूयॉर्क राज्यातलं अपॅलाकिन हे आडगाव. तिथल्या जोसेफ बार्बराच्या घरापुढे परगावच्या भारी मोटारी येऊन थांबलेल्या. एडगर क्रॉसवेल या पोलीस अधिकाऱ्याला संशय आला, पोलिसांनी रस्ता अडवला, तशी उंची सूट घातलेली माणसं मागच्या रानात पळत सुटली. साठाच्या आसपास हाती लागली, त्यांत देशभरच्या टोळ्यांचे म्होरके. इथे कशाला जमलात, तर म्हणे बार्बरा आजारी आहे, समाचाराला आलो! त्यांतल्या वीस जणांना न्यायाच्या कामात अडथळा आणण्याच्या कटाबद्दल शिक्षा झाली आणि 1960 साली वरच्या कोर्टाने ती रद्द केली. त्या बैठकीत नेमकं काय शिजलं हे सरकारला दाखवता आलं नव्हतं. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणाच्या घरी जमणं हा गुन्हा कसा होईल? पण सगळ्यांना सगळं माहीत असून कुणालाच काही करता येत नाही, ही अवस्था सरकारला झोंबली असणार. 1963 साली जोसेफ व्हलाची या टोळीतल्याच माणसाने सिनेटच्या समितीपुढे बसून टोळ्यांची उतरंड सांगितली. सर्वात वर बॉस, त्याच्या हाताखाली कोण, खाली हातपाय मारणारे कोण. समितीचे अध्यक्ष होते आर्कान्सासचे सिनेटर जॉन मॅक्लेलन. पुढे त्यांच्याच पुढाकाराने आणि जी. रॉबर्ट ब्लेकी या कायद्याच्या प्राध्यापकाच्या हातून मसुदा तयार झाला. 15 ऑक्टोबर 1970 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली.

मला सर्वात रोचक वाटतं ते या कायद्यात काय नाही ते. माफिया हा शब्द त्यात नाही. तो घालावा, अशा संघटनेचा सभासद असणं हाच गुन्हा ठरवावा, अशी दुरुस्ती मारिओ बियाजी या न्यूयॉर्कच्या प्रतिनिधीने सुचवली होती. ती टिकली नाही. माणसाने काय केलं यापेक्षा तो कोण आहे यावर शिक्षा देणं अमेरिकन राज्यघटनेच्या चौकटीत बसणं अवघड होतं. मग शब्द शोधले गेले ते अगदी बिनचेहऱ्याचे. एक ‘संस्था’ असली पाहिजे, मग ती कंपनी असो, युनियन असो की नुसता चार माणसांचा गट. तिच्या कारभारात यादीतल्या गुन्ह्यांपैकी किमान दोन गुन्हे दहा वर्षांच्या आत झालेले असले पाहिजेत, आणि त्या गुन्ह्यांत काही एक साखळी दिसली पाहिजे. यादीत खून, जाळपोळ, अपहरण, लाचखोरी, खंडणी हे तर होतंच. शिवाय टपालातून केलेली फसवणूक, तारेवरून केलेली फसवणूक आणि रोख्यांच्या विक्रीतली फसवणूकही होती.

शेवटचे हे तीन वाचताना माझ्यातली ऑडिटर सावरून बसली. टपाल आणि टेलिफोन न वापरता धंदा करणारा कोण आहे? खुनाच्या शेजारी ज्या दिवशी टपाल लिहिलं गेलं, त्याच दिवशी कंपन्यांच्या बोर्डरूमचं दार किलकिलं झालं. माफियाचं नाव घालता आलं नाही म्हणून कुणाचंच घातलं नाही, आणि कुणाचंच नाही म्हणून मग कुणालाही लावता येऊ लागलं. बियाजींची गंमत अशी की 1988 साली वेडटेक या लष्करी कंत्राटदार कंपनीच्या लाचप्रकरणात याच कायद्याखाली ते स्वतःच दोषी ठरले.

पहिली दहा वर्षं हा कायदा बराचसा कपाटातच होता. सरकारी वकिलांना तो कसा वापरायचा हेच नीट उमगत नव्हतं, आणि ब्लेकी मात्र त्यांना वर्ग घेऊन शिकवत राहिले. 1981 साली टर्केट नावाच्या आरोपीने सुप्रीम कोर्टात युक्तिवाद केला: हा कायदा गुंडांनी सरळमार्गी धंद्यात शिरू नये म्हणून आहे, माझी तर टोळीच शंभर टक्के बेकायदा, मला कसा लागू होईल? वाचताना हसू येतं, पण खालच्या अपील कोर्टाला हे पटलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. टोळीसुद्धा ‘संस्था’च, म्हणाले.

मग आला न्यूयॉर्कचा ‘कमिशन’ खटला. सरकारी वकील रुडी जुलियानी. 1985 साली आरोपपत्र, पुढच्या वर्षी सुनावणी. शहरातल्या टोळ्यांचे म्होरके एकत्र बसून कारभार चालवतात, ती बैठक म्हणजेच ‘संस्था’, अशी मांडणी. त्यातला काँक्रीटचा भाग मी दोनदा वाचला, कारण तो निव्वळ टेंडरचा घोटाळा आहे. मॅनहॅटनमध्ये 20 लाख डॉलरांच्या वरचं काँक्रीटचं काम कुणी घ्यायचं हे टोळ्या ठरवणार. कंत्राटदारांचा एक क्लब. पाळी ज्याची त्याने निविदा कमी भरायची, बाकीच्यांनी मुद्दाम चढी भरायची, आणि मिळालेल्या रकमेचे दोन टक्के वर पोचवायचे. आपल्याकडच्या कुठल्याही ठेकेदाराला हे समजावून सांगायला लागणार नाही. फरक एवढाच की तिथे पाळी मोडणाऱ्याला जिवाची भीती होती. बचावाच्या वकिलाने ज्यूरीपुढे सुरुवातीलाच मान्य करून टाकलं की माफिया आहे, पण सभासद असणं म्हणजे गुन्हा नव्हे. अपॅलाकिनला हे चाललं असतं. इथे चाललं नाही, कारण इथे गठ्ठा ज्यूरीपुढे होता. खून, खंडणी, काँक्रीट, मोटारीत बसवलेल्या मायक्रोफोनमधून ध्वनिमुद्रित झालेली बोलणी, सगळं एकाच गोष्टीतले प्रसंग म्हणून. जानेवारी 1987 मध्ये आठांपैकी सात जणांना प्रत्येकी शंभर वर्षांची शिक्षा झाली.

इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती कायद्याच्या एका बाजूच्या कलमामुळे. ज्याचं अशा गुन्ह्याने नुकसान झालं त्याला स्वतः दावा लावून तिप्पट भरपाई मागता येते, वर वकिलाचा खर्च. तिप्पट म्हटल्यावर कोण सोडतो? 1985 साली सेडिमा नावाच्या बेल्जियन कंपनीचा दावा सुप्रीम कोर्टात पोचला. भागीदाराने फुगवलेली बिलं लावली, एवढंच प्रकरण. आमच्या भाषेत ओव्हर-इनव्हॉइसिंग. कोर्टापुढे आकडे होते: खालच्या कोर्टांतल्या अशा 270 खटल्यांपैकी सराईत गुन्हेगारांना शोभतील असे आरोप फक्त नऊ टक्क्यांत. बाकी रोख्यांचे घोटाळे, व्यापारातली फसवाफसवी. समोरच्याला आधी फौजदारी शिक्षा झालेली असली पाहिजे, अशी अट खालच्या कोर्टाने घातली होती. ती सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी काढून टाकली. कायद्याचे शब्द रुंद असतील तर ते अरुंद करणं संसदेचं काम, आमचं नाही, असा सूर. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमाराला जुलियानींनी मोहरा वॉल स्ट्रीटकडे वळवला. प्रिन्स्टन/न्यूपोर्ट पार्टनर्स ही गुंतवणूक सांभाळणारी, तुलनेने लहान फर्म. डिसेंबर 1987 मध्ये तिच्या कार्यालयावर बुलेटप्रूफ जॅकेट घालून मार्शल शिरले. आरोप काय, तर करात फायदा दाखवण्यासाठी शेअर विकल्याचं नाटक करून ते परत घेणं वगैरे. करअधिकाऱ्याने दंड लावावा, प्रकरण भांडत बसावं, असा मामला. पण रिको लागला म्हटल्यावर खटल्याआधीच मालमत्तेवर टाच येऊ शकते, आणि तेवढ्या बातमीनेच गुंतवणूकदार पळाले. फर्म गुंडाळली गेली. सुनावणी त्यानंतर! 1989 साली शिक्षा झाल्या, 1991 साली वरच्या कोर्टाने रिको आणि कराबद्दलच्या शिक्षा रद्द केल्या. रद्द होऊन उपयोग काय, दुकान तर कधीच बंद झालेलं.

ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट या बड्या कंपनीने हे बघितलं. डिसेंबर 1988 मध्ये रिको लावू नका म्हणून तिने सहा गुन्ह्यांवर तडजोड केली आणि 65 कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. तिचा जंक बाँडचा, म्हणजे जोखमीच्या पण चढ्या व्याजाच्या रोख्यांचा, बादशहा मायकल मिल्कन याच्यावर 98 आरोप ठेवले, त्यात रिकोही. त्याने सहा कबूल केले, रिको त्यात नव्हता. म्हणजे वॉल स्ट्रीटवर हा कायदा जिंकला तो निकालाने कमी आणि धाकाने जास्त. मला हे पटत नाही. ड्रेक्सेलबद्दल मला कणव नाही, पण ज्याचा नुसता धाक पुरतो त्या कायद्याचा पुरावा कधी तपासलाच जात नाही, आणि न तपासलेल्या हिशेबावर सही करायची सवय मला नाही.

आता तंबाखू. यावर मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला.

15 डिसेंबर 1953 रोजी अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. सिगारेटच्या डांबराने उंदरांना गाठी होतात असं संशोधन छापून आलेलं होतं, धंदा हादरला होता. तीनच आठवड्यांत, 4 जानेवारी 1954 रोजी, चारशेच्या वर वृत्तपत्रांत त्यांचं जाहीर निवेदन झळकलं: लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत मोलाचं, आम्ही संशोधनाला पैसे देऊ, सहकार्य करू. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्या एका निवेदनाचा विस्तार आहे. बाहेर म्हणायचं ‘अजून सिद्ध झालेलं नाही’, आणि आपल्याच प्रयोगशाळेच्या टिपणांत सिद्ध झालेलं लिहून ठेवायचं. निकोटिनची सवय लागते हे आत ठाऊक, बाहेर नाकारायचं. ‘लाइट’ सिगारेट कमी घातक म्हणून विकायच्या. आमच्या घरात एक काका डॉक्टरांनी दटावल्यावर फुशारकीने ‘लाइट’वर आले होते, म्हणून हा भाग वाचताना माझे हात थांबले.

1999 साली अमेरिकन सरकारने रिकोच्या दिवाणी बाजूखाली या कंपन्यांवर दावा लावला. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या, पण फसवणुकीपुरती एकच ‘संस्था’. नऊ महिने सुनावणी चालली आणि 17 ऑगस्ट 2006 रोजी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी 1,683 पानांचा निकाल दिला. सगळा वाचला असं म्हणायचं धाडस करत नाही. पण जेवढा वाचला त्यात मला ओळखीचं काही भेटलं: कोणत्या तारखेला कुणी कुणाला काय लिहिलं, त्याच आठवड्यात जाहीर काय सांगितलं, दोन्ही शेजारी शेजारी. तक्ता! एकेक जाहिरात सुटी घ्या, तर ती नुसती जाहिरात आहे. पन्नास वर्षांच्या एका ओळीत लावल्यावर कट दिसतो. अपॅलाकिनच्या बैठकीत काय शिजलं ते कधी कळलं नाही. प्लाझा हॉटेलात काय शिजलं ते न्यायालयाच्या कागदावर उतरलं.

आणि शिक्षा? सरकारने 280 अब्ज डॉलरांचा गैरमार्गाचा नफा परत मागितला होता. वरच्या कोर्टाने निकालाआधीच सांगून टाकलं की या कलमाखाली पुढची फसवणूक थांबवता येते, मागचा नफा काढून घेता येत नाही. म्हणून कंपन्यांना मिळाला तो हुकूम असा की ‘लाइट’, ‘लो टार’ हे शब्द वापरायचे नाहीत आणि आपल्याच पैशाने खरं काय ते छापायचं. त्या छापायच्या वाक्यांच्या शब्दरचनेवर त्यांचे वकील अकरा वर्षं भांडले. नोव्हेंबर 2017 मध्ये ती अखेर वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर आली: धूम्रपानाने रोज सरासरी 1,200 अमेरिकन मरतात, सिगारेटची सवय जास्त लागावी अशीच तिची रचना आम्ही जाणूनबुजून केली. एका लहान फर्मचं दुकान शिक्षेआधी बंद पडलं, आणि इतक्या मृत्यूंचा हिशेब मांडला गेलेल्या कंपन्या चार वाक्यं छापून धंद्याला लागल्या. दोन्हींना कायदा एकच. हे मी कितीही वेळा जुळवून पाहिलं तरी जुळत नाही.

अलीकडचं एक प्रकरण मुंबईशी धागा असलेलं. जॉन कपूर जन्माने अमृतसरचे, मुंबई विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले, इन्सिस या कंपनीचे संस्थापक. फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामकाचा, जिभेखाली मारायचा एक फवारा, कॅन्सरच्या रुग्णांना अधूनमधून उसळणाऱ्या वेदनेसाठी मंजूर झालेला. कंपनी डॉक्टरांना ‘व्याख्यानाचं मानधन’ द्यायची. व्याख्यान कसलं, हॉटेलात जेवण, श्रोते बरेचदा डॉक्टरांच्याच ओळखीतले. जितक्या चिठ्ठ्या लिहाल तितकं मानधन. शिवाय कंपनीत एक कक्ष होता. तिथले कर्मचारी डॉक्टरच्या दवाखान्यातून बोलतोय असं भासवून विमा कंपनीला फोन करत आणि रुग्णाला कॅन्सर आहे असं सूचित करत. 2019 साली बोस्टनमध्ये ज्यूरीने कपूर आणि चार सहकाऱ्यांना रिकोच्या कटाखाली दोषी धरलं. न्यायाधीशांनी नंतर त्यातला काही भाग रद्द केला, पण फसवणुकीचा उरला. कपूर यांना साडेपाच वर्षं. इथे मला कायदा जागच्या जागी बसलेला वाटतो. वरच्या माणसाची सही चिठ्ठीवर नसते, फोन तो करत नाही. पण रचना त्याची होती, आणि शिक्षा रचनेची झाली.

आपल्याकडे याच घराण्यातला कायदा म्हणजे मोक्का, महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. 1999 चा. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डर, निर्माते, कामगार नेते दिवसाढवळ्या मारले जात होते, त्यातून तो आला. अमेरिकेच्या मानाने दात कितीतरी जास्त: पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, आरोपपत्राला 180 दिवस मिळू शकतात, जामीन महाकठीण. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या टोळीवर मोक्का लागलेला असतो. पांढरपेशा म्हणावा असा मोठा गुन्हा त्याखाली गेला तो तेलगीचा, बनावट मुद्रांकांचा. 2007 साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला 13 वर्षं आणि 202 कोटींचा दंड ठोठावला. गंमत म्हणजे ठेवीदारांच्या रक्षणाचा राज्याचा एमपीआयडी कायदाही नावाने 1999 चाच. एकाच सालचे दोन कायदे, गल्लीसाठी वेगळा आणि ठेवी बुडवणाऱ्यांसाठी वेगळा.

आणि आता ती अट. रिकोत यादीतले गुन्हे त्याच खटल्यात पहिल्यांदा सिद्ध केले तरी चालतात. मोक्कात टोळीच्या गुन्ह्यांबद्दल मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल असावी लागतात, कोर्टाने दखल घेतलेली असावी लागते. गुंडाची तर फाइलच असते. चेअरमनची कुठून असणार? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 111 आलं, त्यात संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आर्थिक गुन्हे घातले, बँकेला फसवणं, अनेकांना फसवणाऱ्या योजना, हवाला, सगळं. वाचून मी खूश झाले. मग खालचं स्पष्टीकरण वाचलं. एकाहून जास्त आरोपपत्रं, दहा वर्षं. मोक्कातलीच अट, जवळजवळ शब्दशः.

माझी एक मैत्रीण फौजदारी वकिली करते. तिला म्हटलं, या कलमात मोक्कासारखं कबुलीजबाबाचं काही नाही, जामिनाचीही खास आडकाठी नाही, मग आर्थिक गुन्ह्यांपुरती ही अट काढून पाहायला काय हरकत आहे? ती म्हणाली, तू सांगितलेली ती प्रिन्स्टनची फर्म विसरलीस का. अट काढलीस तर पहिल्या वर्षी यात चेअरमन नाही, एखादा लहान व्यापारी सापडेल, आणि जामीन मिळेपर्यंत त्याच्या दुकानाला कुलूप लागलेलं असेल. मी म्हटलं, मग लेखापरीक्षकाचा तक्ता जोडल्याशिवाय हे कलम लावायचं नाही, अशी अट घाला. यावर ती बराच वेळ हसली, आणि मग म्हणाली, लिहून दे, बघते कुणाला पाठवता येतं ते.